म्हाताऱ्या मांजराची नखे

मांजर म्हातारे झाले की त्याच्या बहुतेक खोड्या आपोआप सुटतात. उंदरामागे धावणे थांबते, शिंक्याकडे टक लावून बसणेही थांबते. नखांनी ओरबाडणे मात्र सुटत नाही. दहा-बारा वर्षे घरात वावरलेले मांजर झोपेतून उठते, अंग ताणते आणि कोचाच्या कडेला किंवा वेताच्या खुर्चीला नखे लावते. गादीचा कापूस बाहेर येतो आणि घरातील माणसांचा धीर सुटतो. मग कोणी त्याला मारतो, तर कोणी पोत्यात घालून गावाबाहेर सोडण्याची भाषा बोलतो. उतारवयात अशा प्राण्याला घराबाहेर काढणे म्हणजे त्याला उपासमारीच्या स्वाधीन करणे होय.

वस्तुतः ही खोडी नव्हेच. मांजराला साधारणतः १८ नखे असतात. पुढच्या प्रत्येक पायाला पाच व मागच्या प्रत्येक पायाला चार. ओरबाडल्याने नखावरचे जुने कवच निघून खालचे टोक मोकळे होते, पाठीचे व खांद्यांचे स्नायू ताणले जातात आणि पंजातील ग्रंथींचा गंध त्या जागी उतरतो. तो गंध म्हणजे मांजराची मालकीची खूणच. म्हणून ओरबाडणे बंद करता येत नाही. त्याची जागा तेवढी बदलता येते.

वार्धक्यात दोन अडचणी वाढतात. नखांचे कवच नीट गळत नाही; नखे जाड होऊन वळतात आणि प्रसंगी तळव्याच्या मांसात रुततात. शिवाय सांधे दुखू लागल्याने उंच खांबाला पंजे लावून उभे राहणे जड जाते. अशा मांजरासाठी जड फळीवर तरट किंवा काथ्याचे पायपुसणे घट्ट ठोकून ती आडवी अथवा किंचित उतरती ठेवावी. फळी हलली तर मांजर पुन्हा तिच्याकडे फिरकत नाही. तिची जागा मांजराच्या झोपण्याच्या ठिकाणाजवळ किंवा खराब झालेल्या कोचालगत असावी. कोचाचा तो भाग धुऊन त्यावर गुळगुळीत जाड कापड बांधावे. मांजराने फळीला नखे लावताच माशाचा लहानसा तुकडा द्यावा. त्याचे पंजे धरून बळेच घासू नयेत. सवय जडली की फळी दररोज थोडी थोडी सरकवीत सोयीच्या जागी न्यावी.

दर दोन-तीन आठवड्यांनी नखांची केवळ टोके कापावीत. नखाच्या आतील गुलाबी भागात रक्तवाहिनी व मज्जातंतू असतात. त्याला कात्री लागू देऊ नये. कोचावर फिनेल शिंपडणे किंवा डांबराच्या गोळ्या ठेवणे हे उपाय तर विषारीच आहेत. मांजर लंगडत असेल, तर माणसाची पॅरासिटामॉलची गोळीही देऊ नये. ती मांजराचा प्राण घेते. पशुवैद्याला दाखवावे, हेच इष्ट.

नखे कायमची काढून टाकण्याची शस्त्रक्रिया काही देशांत होत आली आहे. तीत बोटाचे शेवटचे हाडच कापले जाते. न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये कायदा करून, वैद्यकीय गरज नसताना ती करण्यास बंदी घातली.

कोचाला नवे कापड एका दिवसात घालता येते. म्हाताऱ्या मांजराला नवी सवय लागण्यास काही आठवडे जातात. तेवढी सबुरी घरातील माणसांनी दाखविली, तर कोचही शाबूत राहतो आणि मांजराचे म्हातारपणही सुखाचे जाते.