भांडवलाला हमी, मग घामाला का नाही?

(गिरणी कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



आज मला बोलायला सांगितले आहे ते परकी भांडवलावर. विषय ऐकून मागे बसलेले कुणी म्हणेल, बाबा रे, आमचा भांडवलाशी संबंध तो काय? महिनाअखेरीला वाण्याची उधारी, हेच आमचे भांडवल! पण संबंध आहे, आणि तो जुना आहे.

मुंबई महाराष्ट्राला देऊ नये म्हणून १९५५ साली जी कारणे पुढे केली गेली, त्यांत मोठे कारण भांडवलाचेच होते. मुंबई नागरिक समितीची मंडळी सांगत, मुंबई कुणा एका भाषेची नाही. शहराचे वेगळे राज्य करा. मुंबई मराठी राज्यात घातली तर पैसा बिथरेल, असे भय तेव्हा दाखवले जात होते. १६ जानेवारी १९५६ ला मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याची घोषणा झाली. पुढे काय झाले ते या वस्तीला मी सांगायला नको. शंभरावर माणसे गेली, आणि त्यांत गिरणीची माणसे होती. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला.

मग पैसा पळाला काय? रिझर्व्ह बँक इथेच राहिली, शेअर बाजार इथेच राहिला. ऑक्टोबर २०१९ पासून या देशात जी थेट परकी गुंतवणूक आली, तिची बेरीज केली तर साधारण ३० टक्के एकट्या महाराष्ट्रात आली आहे. दुसरे कुठलेही राज्य एवढ्यावर नाही. तेव्हा ती भीती खोटी होती, हे एकदा मोठ्याने म्हणून टाकू आणि पुढे जाऊ. पैसा आला हे खरे. तो कोणत्या अटींवर आला, हे विचारायचे आहे.

पहिला मोठा परकी पैसा आपल्याकडे आला तो आगगाडीचा. जी. आय. पी. रेल्वे कंपनी लंडनची. तिच्याशी १८४९ साली करार झाला. जमीन फुकट, आणि भांडवलावर सालीना ५ टक्के हमखास. गाडी चालो न चालो, नफा होवो न होवो, पाच टक्के मिळणारच! कमी पडले तर भरणार कोण? हिंदुस्थानचा खजिना. म्हणजे कुणब्याचा शेतसारा आणि गरिबाच्या मिठावरचा कर. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली, तोफा झाल्या. मी रेल्वेला नावे ठेवीत नाही. ती नसती तर वऱ्हाड-खानदेशचा कापूस एवढ्या सोयीने मुंबईला पोचला नसता, आणि गिरणगाव एवढे वाढले नसते. मी फक्त कागद वाचून दाखवतो आहे.

मग गिरणी आली. कावसजी दावर यांनी १८५४ साली कंपनी काढली, १८५६ ला ताडदेवला गिरणी सुरू झाली. पैसा मुंबईच्या व्यापाऱ्यांचा, यंत्रे विलायतेची. पुढे गिरण्या वाढत गेल्या आणि त्यांना लागणारे हात रत्नागिरी-साताऱ्याहून आले. त्या हातांना कसली हमी होती? उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम, आणि आठवड्याची सुट्टी नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली परळला सभा घेतली, हजारो कामगारांच्या सह्या गोळा केल्या, तेव्हा कुठे १० जून १८९० रोजी मालकसंघाने रविवार कबूल केला. आता तुम्हीच हिशेब करा. भांडवलाचे पाच टक्के पहिली गाडी सुटायच्या आधीच कागदावर चढले. मजुराचा रविवार यायला पहिली गिरणी सुरू झाल्यावर ३४ वर्षे लागली.

ही झाली साहेबाच्या राज्यातली गोष्ट. आता आपल्या राज्यातली सांगतो. इथे गुहागरकडचे कोण कोण आहेत? हात वर करा. बरेच आहात. मग अंजनवेल, वेलदूर ही नावे तुम्हाला ठाऊक आहेत. तिथे १९९२ साली अमेरिकेची एन्रॉन कंपनी दाभोळचा वीज प्रकल्प घेऊन आली. १९९३ साली जागतिक बँकेने त्याला कर्ज द्यायचे नाकारले. वीज गरजेपेक्षा जास्त होईल आणि महाग पडेल, असे बँकेचे म्हणणे. अहो, सावकार स्वतः सांगतो की हा धंदा परवडायचा नाही! तरी त्याच वर्षी डिसेंबरात वीज मंडळाने २० वर्षांचा करार केला. त्या वेळी केंद्राच्या धोरणात खाजगी वीज कंपन्यांना भागभांडवलावर १६ टक्के परतावा धरलेला होता. ५ चे १६ झाले! वीज उचलो न उचलो, वीजघर तयार ठेवल्याचे पैसे मंडळाने द्यायचे. हिशेब डॉलरला बांधलेला. करार झाला तेव्हा डॉलर ३१ रुपयांच्या आसपास, २००१ साली तो ४७ च्या घरात. त्यावर राज्य सरकारची हमी, तिच्यावर केंद्राची प्रतिहमी. जुनाच कागद, शिक्का तेवढा नवा.

पुण्याच्या प्रयास संस्थेने आकडेमोड करून धोका दाखवला. गावकऱ्यांनी विरोध केला, तर बायकामाणसांवरही लाठ्या पडल्या. १९९५ साली नव्या सरकारने करार रद्द केला आणि काही महिन्यांत वाटाघाटी करून पुन्हा मान्य केला! यात कुठल्याच पक्षाने कॉलर ताठ करू नये. १९९९ ला वीज सुरू झाली. पुढे युनिटचा दर ७ रुपयांच्या वर गेला, मंडळाला बिल भरवेना, मे २००१ ला वीजघर बंद. डिसेंबरात खुद्द एन्रॉनचेच दिवाळे वाजले. २००५ साली सरकारी कंपन्यांनी पैसा घालून ते वीजघर पुन्हा उभे करायला घेतले. आणि नोकऱ्या? बांधकाम होते तोवर हजारो हात लागले. पण गॅसच्या वीजघराला माणसे लागतात ती मोठ्या गिरणीच्या एका पाळीपेक्षाही कमी. कोकणचा तरुण पुन्हा मुंबईच्या गाडीत बसला.

म्हणजे परकी मदत नकोच काय? तसे मी म्हणत नाही. पिंपरीला १९५४ साली पेनिसिलीनचा सरकारी कारखाना निघाला. यंत्रसामग्री युनिसेफची, तांत्रिक मदत जागतिक आरोग्य संघटनेची, मालकी आपली. औषध इथे बनू लागले, शिकलेले कामगार तयार झाले. पुढे तो कारखाना तोट्यात गेला, हेही लपवायचे नाही. पण तो तोटा आपण आपल्या हातांनी केलेला होता, २० वर्षांच्या परक्या करारात बांधून घेतलेला नव्हता.

आणि या मैदानापासून हाकेच्या अंतरावरचे बघा. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख कामगार संपावर गेले. लाखाच्या वर माणसे पुन्हा आत गेलीच नाहीत. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले: एक मोकळ्या जागेला, एक घरांना, एक मालकाला. २००१ साली नियम फिरवला. वाटणी फक्त रिकाम्या जागेची, इमारतीखालची धरायची नाही. साचेखाते होते तिथे आज काचेचे मनोरे आहेत, आणि त्यांत देशोदेशीच्या कंपन्यांच्या कचेऱ्या आहेत. साचेवाल्याचा नातू त्याच फाटकावर कंत्राटदाराच्या गणवेशात उभा आहे. घरांसाठी गिरणी कामगारांचे अर्ज दीड लाखांच्या वर आले, घरे मिळाली ती काही हजारांना.

म्हणून मी या सभेपुढे ठराव मांडतो. शासन परकी वा देशी कंपनीला जमीन, करमाफी किंवा हमी देईल तेव्हा तो करार सही होण्याच्या साठ दिवस आधी संपूर्ण मराठीत त्या जिल्ह्याच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत लावावा. कायम कामगार किती आणि कंत्राटी किती, हे त्यात आकड्याने लिहावे. आकडा पाळला नाही तर सवलत व्याजासह परत घ्यावी. एन्रॉनचा करार झाला तेव्हा अंजनवेलच्या माणसाला तो वाचायला मिळाला नव्हता. मराठी राज्य मागितले होते ते सरकारचा कागद आपल्याला वाचता यावा म्हणूनही.

ठरावाला अनुमोदन द्यायला वेलदूरकडचे एक जुने साचेवाले पुढे येत आहेत. त्यांचे गुडघे दुखतात, जरा वाट करून द्या.