काड्या, चिंचोके आणि हातचा

दुसरीच्या वर्गात ‘पंचवीस’ हा शब्द उच्चारला की काही मुले हमखास ५२ लिहितात. मूल ऐकल्याप्रमाणेच लिहीत असते. मराठीत पंचवीस म्हणताना पाच आधी येतात आणि वीस मागून. पाटीवर मात्र विसाचे २ आधी आणि ५ नंतर. कान एक क्रम सांगतो, पाटी दुसरा. हे दोन्ही क्रम ज्या एका संख्येचे आहेत, ती संख्या मुलाने कधी हातात धरलेली नसते. प्राथमिक गणितातल्या बहुतेक कृतींचा उगम या अडचणीत आहे: आधी संख्या हाताला कळावी, मग कानाला आणि डोळ्याला.

यासाठी पन्नास-साठ काड्या आणि मूठभर रबरबँड पुरतात. खराट्याचे हीर सारख्या मापाचे तोडून घेतले तरी चालते. मुले दहा-दहा काड्या मोजून गठ्ठा बांधतात. गठ्ठे डावीकडे, सुट्या काड्या उजवीकडे. दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या समोर असल्या की ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी बोलले गेले तरी गठ्ठे जागचे हलत नाहीत. दशकाचे घर डावीकडे का, याचे उत्तर बाकावर मांडलेले असते. गठ्ठे मात्र मुलांनी स्वतः बांधायला हवेत. शिक्षकांनी घरून बांधून आणलेला गठ्ठा मुलाच्या लेखी एक वस्तू असते. स्वतः मोजून बांधलेल्या गठ्ठ्यात दहा काड्या आहेत, हे त्याला ठाऊक असते.

काड्यांचा खरा उपयोग वजाबाकीत दिसतो. ५२ मधून २७ वजा करायचे असले की वहीत पुष्कळ मुले ३५ हे उत्तर काढतात. दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढून ती मोकळी होतात. काड्या घेऊन बसलेल्या मुलाला ही पळवाट नसते. त्याच्यापुढे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या असतात आणि सत्तावीस काड्या शेजाऱ्याला द्यायच्या असतात. दोन गठ्ठे देऊन होतात. आता सात सुट्या हव्यात आणि हाताशी दोनच आहेत. मूल थोडा वेळ उरलेल्या गठ्ठ्यांकडे बघते, मग एकाचे रबर काढते. दहा काड्या बाकावर पसरतात. सुट्या बारा होतात. त्यांतल्या सात दिल्या की पाच उरतात आणि बाजूला दोन गठ्ठे. उत्तर पंचवीस. पाठ्यपुस्तक ज्याला ‘दशक सुटा करणे’ म्हणते ते इतकेच: रबर काढणे. बेरजेत याच्या उलट होते. सुट्या काड्या दहा झाल्या की त्यांचा गठ्ठा बांधून डावीकडे सरकवायचा, तोच हातचा.

काड्यांच्या जोडीला शंभर मण्यांची माळ असावी. दहा मणी लाल, दहा पांढरे, अशी ओळीने ओवलेली. वर्गात ती आडवी टांगतात आणि कपड्यांच्या चिमट्याने संख्या दाखवतात. मराठी संख्यावाचनातली दुसरी मेख इथे सुटते. एकोणतीस ऐकल्यावर मुले ३९ लिहितात, कारण शब्दात ‘तीस’ ऐकू येतात. माळेवर मूल आधी तिसाव्या मण्यापाशी, म्हणजे तिसऱ्या रंगपट्ट्याच्या शेवटी पोचते आणि एक मणी मागे येते. ‘एकोण’ म्हणजे एकाने उणा, हे त्या मागे येण्यात कळते. १९ पासून ८९ पर्यंतच्या नवाने संपणाऱ्या आठही संख्या याच रीतीने बोलल्या जातात. ९९ चे नाव तेवढे वेगळे. ही गोष्ट शिक्षकांनी सांगण्यापेक्षा मुलांनी माळेवर शोधलेली बरी.

संख्यावाचनाचा हा प्रश्न २०१९ मध्ये महाराष्ट्रभर गाजला. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘सत्तावीस’ बरोबर ‘वीस सात’ अशी वाचनाची रीत दिली गेली आणि त्यावरून मोठा वाद झाला. बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी या बदलाची बाजू मांडली होती: नव्याने शिकणाऱ्या मुलाला ऐकलेला आणि लिहिलेला क्रम एकच मिळावा. वादात कोणाचीही बाजू घेतली तरी वर्गातली अडचण खरी आहे, आणि काड्या व माळ दोन्ही रीतींना सारख्याच उपयोगी पडतात.

अशी साधने दुकानातूनच आणावी लागतात, ही समजूत महाराष्ट्रात फार पूर्वी मोडली गेली. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्याबरोबर कामाला लागल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरी पद्धतीची मूळ साधने सुबक, पण महागडी होती. या दोघींनी मोजणी, वर्गवारी आणि लहान-मोठेपणाच्या क्रमासाठी शिंपले, खडे, पाने आणि बिया वापरात आणल्या. साधन गावातले असले की ते हरवण्याची धास्ती राहत नाही, आणि मूल तीच मोजणी घरी, अंगणातही करते.

गुणाकारासाठी चिंचोके उत्तम. बारा चिंचोके देऊन त्यांचे सारख्या ओळींचे आयत करायला सांगितले की मुले एकेक मांडणी शोधतात: बाराची एक ओळ, सहाच्या दोन, चाराच्या तीन. मग तेरा चिंचोके द्यावेत. मुले मांडतात, मोडतात, एक चिंचोका सारखा उरतो. तेराची एकच लांब ओळ होते, दुसरा आयत होत नाही. हा हट्टीपणा अनुभवल्यानंतर ‘मूळ संख्या’ ही व्याख्या पाठ करावी लागत नाही. दोनपासून तीसपर्यंतच्या संख्या वर्गात वाटून दिल्या, तर अर्ध्या तासात मुलांकडून मूळ संख्यांची यादी फळ्यावर तयार होते.

पाढ्यांतले अवघड टप्पेही असेच सोपे होतात. सात आठे किती, हे आठवत नसेल तर आठ-आठ चिंचोक्यांच्या सात ओळी मांडाव्यात आणि पाचव्या ओळीखाली एक काडी आडवी ठेवावी. वर पाच आठे चाळीस, खाली दोन आठे सोळा, मिळून छप्पन्न. पुढे बीजगणितात कंसाचा गुणाकार म्हणून भेटणारा नियम तिसरीतल्या मुलाने काडी सरकवून वापरलेला असतो.

याच चिंचोक्यांतून विषम संख्यांची गंमत निघते. एक चिंचोका ठेवावा. त्याच्या दोन बाजूंनी तीन चिंचोके सुताराच्या गुण्याच्या आकारात लावावेत. चारांचा चौरस होतो. पुढचा गुण्या पाचांचा, त्यापुढचा सातांचा. १, ४, ९, १६ असे चौरस वाढत जातात. इथे थांबून विचारावे: पहिल्या दहा विषम संख्यांची बेरीज किती? शंभर चिंचोके कोणाजवळ नसतात. उत्तर मांडणीवरून ताडावे लागते, आणि हाताचे काम डोक्याकडे जाण्याची हीच जागा.

अपूर्णांकात मुले अंकांना फसतात. तीनापेक्षा चार मोठे, म्हणून १/३ पेक्षा १/४ मोठा, असा त्यांचा हिशेब. सारख्या लांबीच्या कागदी पट्ट्या घडी घालून हा हिशेब मोडता येतो. एका पट्टीचे तीन सारखे भाग, दुसरीचे चार. घड्या जितक्या जास्त, तितका तुकडा लहान. पट्ट्या एकाखाली एक ठेवल्या की १/२, २/४ आणि ४/८ यांच्या घड्या एका रेषेत येतात आणि सममूल्य अपूर्णांक दिसतात. मराठी मुलाजवळ या बाबतीत एक शिदोरी आधीच असते. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द त्याने घरात आणि बाजारात ऐकलेले असतात. जुन्या शाळांत पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ करून घेत. वर्गात एक दोरी बांधून तिच्यावर सारख्या अंतराने ०, १, २, ३ च्या चिठ्ठ्या लावाव्यात आणि ‘पावणेतीन’ कुठे, हे मुलांना चिमट्याने दाखवायला सांगावे. काही मुले चिमटा तीनाच्या पुढे लावतात. मग कोणाला तरी एकोणतीस आठवते: शब्दात तीन ऐकू आले, तरी जायचे थोडे अलीकडे. शंभर मण्यांच्या माळेवर शिकलेली रीत इथे कामी येते.

भूमितीला कागद, दोरा आणि काडेपेटी पुरते. मद्रासमध्ये १८९३ साली टी. सुंदर राव यांनी केवळ कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. बालवाडीतल्या घडीकामावरून त्यांना ही कल्पना सुचली होती आणि पुढे त्याची दखल युरोपातही घेतली गेली. वर्गात कागदी भूमितीची सुरुवात त्रिकोणापासून करता येते. प्रत्येक मुलाने आपल्या मनासारखा त्रिकोण कापावा, तीन कोपरे फाडावेत आणि टोके एकत्र येतील असे शेजारी शेजारी ठेवावेत. निमुळता असो की पसरट, तीनही कोपरे मिळून एक सरळ रेषा होते. चाळीस मुलांचे चाळीस वेगवेगळे त्रिकोण एकच गोष्ट सांगू लागले की वर्ग गप्प होतो. ही सिद्धता नव्हे. पण सिद्धता कशाची करायची, हे त्यातून समजते.

वर्तुळासाठी बांगडी, डब्याचे झाकण आणि ताट घ्यावे. दोरा काठाभोवती गुंडाळून तोडावा आणि तोच दोरा मधोमध आडवा टाकून मोजावा. प्रत्येक वेळी तो तीनदा पुरतो आणि थोडा उरतो. तो उरलेला तुकडा व्यासाच्या साधारण सातव्या भागाएवढा असतो. २२/७ हा आकडा या दोऱ्यातून आला की पाठ करायचे सूत्र राहत नाही.

अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून आकृत्या करण्याची रीत देशभर पोचवली. पुण्यातील आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षे काम केले. या जोडणीतला चौकोन बोट लावताच कलंडतो, त्रिकोण मात्र जागचा हलत नाही. छपराच्या कैचीत आणि लोखंडी पुलात त्रिकोण का असतात, याचे कारण मूल दोन बोटांत धरून पाहते.

मोठ्या वर्गांत साधन म्हणून नुसते अंकही चालतात. नाशिकजवळच्या देवळालीत १९३० ते १९६२ पर्यंत शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ मध्ये मांडलेला ६१७४ हा स्थिरांक आज जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो. प्रत्येक मुलाने चार अंक निवडावेत, चारही एकच नकोत. त्यांची सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान संख्या करून वजाबाकी करावी आणि उत्तराच्या अंकांवर हेच पुन्हा करावे. १, २, ३, ४ घेतले तर ४३२१ वजा १२३४ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. पुढे ७६४१ वजा १४६७ केले की पुन्हा ६१७४. कोणतेही अंक घेतले तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत मुक्काम याच संख्येवर पडतो. ज्याचा मुक्काम चुकला, त्याचा हातचा कुठेतरी चुकलेला असतो, आणि तो शोधायला मूल आपणहून मागे जाते. हातच्याच्या वजाबाकीचा यापेक्षा चांगला सराव क्वचितच सापडेल.

या कृतींना शिस्त लागते. चार मुलांचा एक गट आणि प्रत्येक गटाला एक डबा, म्हणजे सगळ्यांचे हात चालतात. एकट्या शिक्षकाने टेबलावर करून दाखवलेल्या कृतीत मुले प्रेक्षक राहतात. प्रत्येक कृतीच्या शेवटी एक प्रश्न हवा: असे नेहमीच होते का? हा प्रश्न विचारला नाही तर चिंचोक्यांचा खेळ खेळच राहतो. केलेले काम वहीत उतरायला हवे, आधी चित्रात आणि मग अंकांत. मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६० च्या दशकात शिकण्याच्या याच तीन पायऱ्या मांडल्या: वस्तू, चित्र, चिन्ह. पहिलीवरून थेट तिसरीवर उडी मारली तर मूल काड्यांनी बरोबर आणि वहीत चूक असे दोन वेगळे हिशेब करू लागते. साधन कायम हातात राहिले तरी नुकसानच. गठ्ठ्याचे रबर न काढता ज्या मुलाला ५२ मधून २७ वजा करता येतात आणि ‘दशक सुटा केला’ म्हणजे काय केले हे शेजाऱ्याला सांगता येते, त्याच्यापुरते काड्यांचे काम संपले. त्या डब्यात ठेवून पुढच्या वर्षीच्या दुसरीला द्याव्यात.