रिकाम्या सज्ज्यांतील स्पेन

स्पेनचें यादवी युद्ध १९३९ सालीं संपलें आणि हजारों निर्वासितांस मेक्सिकोनें आसरा दिला. त्यांच्या मुलांपैकीं कांहीं जणांनीं १९६१-६२ मध्यें 'रिकाम्या सज्ज्यांत' हा स्पॅनिश चित्रपट स्वतःच्या हिमतीवर काढिला.

दिग्दर्शक होमी गार्सिआ आस्कोत हा तत्त्वज्ञान शिकलेला कवि. सहलेखक एमिलिओ गार्सिआ रिएरा हा टीकाकार, ज्यानें पुढें मेक्सिकन चित्रपटांचा बहुखंडी इतिहास लिहिला. कथा दिग्दर्शकाची पत्नी मारिआ लुईसा एलीओ हिच्या बालपणाची. प्रौढ नायिकेची भूमिकाहि तिचीच. स्टुडिओ नाहीं, वेतन नाहीं. सोळा मिलिमीटरच्या फितीवर सुटीच्या दिवशीं काम चाले, आणि मित्र व निर्वासितच नट म्हणून उभे राहत. हरवलेलें स्पेन मेक्सिकोंतच शोधावें लागलें! कसलेल्या नटास जें प्रयासानें आणावें लागतें, तें या मंडळींच्या चेहऱ्यांवर आधींच होतें.

लोकार्नो येथें १९६२ सालीं टीकाकारांच्या आंतरराष्ट्रीय संघाचें पारितोषिक त्यास मिळालें. मेक्सिकोच्या व्यावसायिक चित्रगृहांत मात्र तो लागला नाहीं.

चित्रपटाच्या शेवटीं नायिका बालपणीच्या ओसाड घरांत परतते. पांप्लोना या आपल्या जन्मगांवीं एलीओबाईंस प्रत्यक्ष परततां आलें तें १९७० सालीं.