उपकाराची ओळख



शताब्दीच्या प्रसंगी मराठीच्या अध्यापकाने एखाद्या वाङ्मयीन विषयावर बोलावे, अशी अपेक्षा असते. मी मात्र आज लहान मुलांविषयी बोलणार आहे. कृतज्ञता आणि समाधान हे गुण कोवळ्या वयात कसे रुजतात, हे मला एका प्रसंगाने शिकविले.

ऑगस्ट २००६ मधील तापीचा पूर आपल्यापैकी अनेकांनी सोसला आहे. उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा फार मोठा भाग वेढला होता. आमच्या दुसऱ्या मजल्यावरील घरात वीज नव्हती आणि पिण्याचे पाणी संपत आले होते. तिसऱ्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यातून एक गृहस्थ डोक्यावर दुधाच्या पिशव्या घेऊन आले. मी सवयीने माझ्या सहा वर्षांच्या मुलीला म्हणालो, "काकांना थँक्यू म्हण." ती म्हणाली आणि लगेच तिने विचारले, "बाबा, काकांचं नाव काय?"

मला ते ठाऊक नव्हते. चार वर्षे तो माणूस रोज पहाटे आमच्या दारात दूध ठेवीत होता. ज्या उपकाराकडे बापाने कधी डोळे उघडून पाहिले नव्हते, त्याचे आभार मुलीने मानावेत, असा माझा आग्रह होता!

पूर ओसरल्यावर आम्ही दोघे त्यांचे घर शोधीत गेलो. घरभर गाळ साचलेला. स्वतःचा संसार पाण्यात असताना ते आमच्याकडे दूध घेऊन आले होते. मुलीने न सांगता एक पातेले उचलले आणि ती धुऊ लागली. आभाराचा शब्द मी शिकविला होता. त्याचा अर्थ तिला त्या गाळात सापडला.

आपल्यातील कितीतरी कुटुंबे सुरत-जळगाव लोहमार्गाने खानदेशातून येथे आली. त्याच मार्गावर अमळनेर आहे. तेथील प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी शिक्षक होते. वसतिगृहातील मुलांची अंथरुणे ते आवरीत, त्यांचे कपडे धूत. जे हात आपल्यासाठी राबतात ते मुलाच्या दृष्टीस पडावेत, याहून मोठा कृतज्ञतेचा पाठ कोणता? त्यांनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई'मधील माउली भावाकडून आलेल्या भाऊबिजेच्या पैशांतून स्वतःसाठी काही न घेता पतीसाठी धोतर आणविते. घरातील उणीव ती मुलापासून लपवीत नाही. म्हणूनच देण्यातला आनंदही त्याला दिसतो, आणि समाधानाची ओळख होते ती तेथेच.

परंतु समाधान म्हणजे मुकाट्याने सोसणे नव्हे. याच गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात हरिजनांना प्रवेश मिळावा म्हणून प्राणांतिक उपोषण आरंभिले होते. स्वतःच्या ताटातील भाकरीवर तृप्त असणारा हा पुरुष दुसऱ्यावरील अन्यायाने अस्वस्थ होत असे. यंत्रमागावर राबणाऱ्या बापाच्या मुलाने पुस्तक मागितले, तर त्याला 'आहे त्यात सुख मान' असे सांगणे हा संस्कार नव्हे, तो आपल्या अंगावरची जबाबदारी झटकण्याचा मार्ग आहे. खेळण्यांचा हव्यास आवरावा. ज्ञानाची भूक मात्र वाढवावी.

म्हणून आपणांस एकच विनंती. आपल्या नातवंडांना बोट धरून या वाचनालयात आणा. जुन्या पुस्तकाचे पहिले पान उघडून तेथील देणगीदाराचे नाव त्यांना वाचावयास सांगा. ज्याने आपल्याला कधी पाहिले नाही, अशा माणसाने आपल्यासाठी काही ठेवून दिले आहे, हे त्या बालमनाला उमगले की आभार माना असे वेगळे सांगावे लागणार नाही. आणि हो, घरी परतताना दूधवाल्याचे नाव विचारून घ्या. ते आधी आपल्याला ठाऊक असले पाहिजे.