कागदाचे माध्यम आणि कलेचा विद्यार्थी



कलाशाळेत प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती पहिल्याच दिवशी येणारी वस्तू म्हणजे कागद. तो त्यावर रेखाटन करतो, रंग भरतो. पाहणाऱ्याचे लक्ष रेषेकडे आणि रंगाकडे जाते; कागदाकडे सहसा कोणी पाहत नाही. मुद्राचित्रणाच्या वर्गात मात्र हा अनुभव बदलतो. ओलसर कागद दाबयंत्रातून बाहेर येतो, तेव्हा त्यावर शाईबरोबरच धातूच्या पत्र्याचा खोलगट ठसाही उमटलेला असतो. कागदाला जाडी आहे, दिलेला आकार धरून ठेवण्याचा गुण आहे, हे त्या क्षणी विद्यार्थ्याच्या ध्यानात येते. स्वातंत्र्योत्तर काळातील दोन भारतीय कलावंतांनी ही जाणीव फार पुढे नेली.

दोन उदाहरणे

सोमनाथ होर यांचा जन्म १९२१ मध्ये चितगाव परिसरात झाला. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात त्यांनी उपासमारीने खंगलेल्या माणसांची रेखाटने केली. कोलकात्याच्या शासकीय कला महाविद्यालयात शिक्षण घेतलेले होर पुढे शांतिनिकेतनच्या कलाभवनात मुद्राचित्रण विभागाचे प्रमुख झाले. १९७० च्या दशकात त्यांनी ‘जखमा’ ही चित्रमालिका निर्माण केली. मऊ पृष्ठावर सुरीने आणि तापलेल्या सळईने वार करावयाचे, त्यावरून सिमेंटचा साचा घ्यावयाचा आणि त्या साच्यात कागदाचा ओला लगदा दाबावयाचा, अशी ही पद्धत होती. लगदा वाळल्यावर पांढऱ्या कागदावर चिरा आणि व्रण उमटत. त्यातील बहुतांश कृतींत शाई जवळजवळ नाहीच. ज्या वेदनेचे चित्र दुष्काळात रेषेने काढले गेले, ती येथे कागदाच्याच अंगावर उमटली.

झरीना हाश्मी यांचा जन्म १९३७ मध्ये अलीगढ येथे झाला. त्यांची पदवी गणिताची होती. मुद्राचित्रणाचे शिक्षण त्यांनी पुढे पॅरिसमध्ये स्टॅन्ली विल्यम हेटर यांच्या कार्यशाळेत घेतले. १९७० च्या दशकात त्यांनी केवळ सुईने छिद्रे पाडून कागदावर रचना केल्या आणि नंतर लगद्यापासून ओतीव शिल्पे घडविली. फाळणीनंतर दुरावलेले घर हा त्यांच्या कलेचा स्थायी विषय. २००१ मधील ‘विभाजन रेषा’ या काष्ठमुद्रेत भारत-पाकिस्तान सीमेची रेषा भारतीय हातकागदावर उमटलेली आहे. २०११ च्या व्हेनिस द्वैवार्षिक प्रदर्शनातील भारताच्या दालनात त्यांचा समावेश होता. २०१२ मध्ये लॉस एंजेलिस येथे भरलेल्या त्यांच्या सिंहावलोकनी प्रदर्शनाच्या नावातच कागदाला त्वचेची उपमा दिलेली होती. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले.

कागद कसा घडतो

कागदाला हे सामर्थ्य त्याच्या घडणीतून लाभते. कापडाचे कातरण स्वच्छ करून पाण्यात कुटले असता सेल्युलोजचे तंतू मोकळे होतात. हा लगदा हौदात कालवून जाळीच्या चौकटीने उचलला जातो. पाणी निथळून कागद वाळू लागतो, तसतसे तंतू एकमेकांच्या निकट येऊन हायड्रोजन बंधांनी जोडले जातात. त्यासाठी वेगळा गोंद लागत नाही. म्हणूनच ओला लगदा कोणत्याही साच्याचा आकार घेतो. वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन हा लाकडातील घटक राहिलेला असल्याने तो लवकर पिवळा पडतो. सुती तंतूंत लिग्निन जवळजवळ नसते. आम्ल टाळले तर असा कागद दीर्घकाळ टिकतो.

कारागिराचे ज्ञान

ही विद्या भारतात कागजी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपली. काश्मीर, सांगानेर, काल्पी, अहमदाबाद, त्याचप्रमाणे महाराष्ट्रात जुन्नर आणि दौलताबादनजीकचे कागजीपुरा ही तिची केंद्रे होत. १९ व्या शतकात तुरुंगांत तयार होणारा कागद व पुढे गिरण्यांचा कागद स्वस्तात मिळू लागला आणि कागजींचा व्यवसाय खालावला. १९३४ मध्ये महात्मा गांधींच्या प्रेरणेने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली वर्ध्याच्या मगनवाडीत हातकागदाचे पुनरुज्जीवन सुरू झाले. सांगानेर येथील राष्ट्रीय हातकागद संस्थेला कुमारप्पांचेच नाव देण्यात आले आहे.

पाठ्यपुस्तके आणि वृत्तपत्रे हातकागदावर छापणे परवडणारे नाही, हे मान्य केले पाहिजे. त्याचे खरे क्षेत्र कलानिर्मिती, जुन्या हस्तलिखितांची दुरुस्ती आणि टिकाऊ दस्तऐवज हे आहे. परंतु या क्षेत्रातील ग्राहकाला कागदाची पारख नसेल, तर चांगला कागद घडविणाऱ्या हाताला काम उरत नाही. आणि लगदा किती कुटावा, चौकट हौदातून कोणत्या गतीने उचलावी हे त्या हातांचे ज्ञान एकदा लोपले की ग्रंथांतून परत मिळविणे कठीण असते.

म्हणून कलेच्या विद्यार्थ्याने काही दिवस तरी हौदाजवळ उभे राहून स्वतः एक ताव उचलावा. पहिला ताव बहुधा फाटतो, दुसरा एका कडेला जाड होतो. त्या फाटलेल्या तावातून माध्यम समजते आणि ते घडविणाऱ्या कारागिराचे मोलही कळते.