हृदयरोहिणीतील अडथळा : टक्के आणि दाब

कालव्यात गाळ किती साचला यापेक्षा शेवटच्या शेताला पाणी पोहोचते की नाही, हे महत्त्वाचे. हृदयाच्या रोहिण्यांचेही तसेच. अँजिओग्राफीत रोहिणी किती अरुंद झाली ते दिसते; रक्तपुरवठा किती घटला, हे नेहमीच कळत नाही. म्हणून औषधाने रक्तप्रवाह वाढवून बारीक तारेने अडथळ्यापलीकडचा दाब मोजतात. अलीकडे १०० असता पलीकडे ८० किंवा कमी भरल्यास अडथळा गंभीर मानतात.

२००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,००५ रुग्णांच्या ‘फेम’ अभ्यासात अशा मापनामुळे स्टेंट कमी लागले. वर्षभरातील मृत्यू, झटके व फेरउपचार यांचे एकत्रित प्रमाणही घटले. स्थिर प्रकृतीच्या रुग्णाने म्हणूनच ‘रक्त पुरेसे पोहोचते का?’ हेही डॉक्टरांना विचारावे. छातीत तीव्र वेदना उद्भवल्यास मात्र तत्काळ रुग्णालय गाठावे.