आरशामागची ट्यूब

(मागील वर्षीच्या गणेशोत्सवात इंदूर येथे मंडळाच्या सभागृहात एका त्वचारोगतज्ज्ञ भगिनींनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला विषय दिला होता 'त्वचा व केसांचे सौंदर्य'. फोनवर सांगितलं, लेझर, पील, केस वाढवायची इंजेक्शनं, असं काहीतरी नवीन सांगा, गर्दी होईल. गर्दी झालेली दिसते आहे. पण मी आज बराच वेळ एका पंचवीस-तीस रुपयांच्या ट्यूबवर बोलणार आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. लेझरचं शेवटी, वेळ उरला तर.

पूजेला बसलं की सुमुख, एकदंत या क्रमाने गणपतीची बारा नावं घेतो आपण. त्यातलं चौथं नाव गजकर्णक. माझ्या दवाखान्यातही दिवसातून दहादा ऐकू येणारा शब्द गजकर्णच असतो. कोणी त्याला नायटा म्हणतं, आणि आपल्या इंदुरात चार पिढ्या घरात मराठी बोललेला माणूसही मेडिकलवर जाऊन "भैया, दाद की कोई ट्यूब दे दो" असंच म्हणतो. भैया ट्यूब देतो. प्रश्न तिथून सुरू होतो.

गजकर्ण ही बुरशी आहे. रक्तबिघाड नाही, उष्णता नाही, वांगी खाल्ल्यामुळे तर अजिबात नाही. ही बुरशी त्वचेच्या सगळ्यात वरच्या, मेलेल्या थरावर जगते. तिला ओल आणि ऊब लागते, म्हणून जांघा, कंबरेचा पट्टा, काखा, स्तनांच्या खालची घडी. ती मधून बाहेर पसरत जाते, म्हणून कडा लाल, उठावदार, खाजरी आणि मधला भाग बरा झाल्यासारखा. ती कडा म्हणजे शरीराने दाखवलेला विरोध. आता मेडिकलवरच्या बऱ्याच ट्यूबांत काय असतं? एक बुरशीविरुद्धचं औषध, एक जंतूंविरुद्धचं, आणि तिसरं स्टेरॉइड. स्टेरॉइड हा विरोधच बंद करतं. खाज दोन दिवसांत थांबते, लाली जाते. माणूस खूश, मेडिकलवाला खूश, बुरशी सगळ्यात खूश. आठ दिवसांनी ट्यूब थांबवली की दुप्पट जागेवर परत. मग तीच ट्यूब परत. पुढे पुढे कडाही नीट दिसत नाही, आणि आम्हालासुद्धा पाहिल्याबरोबर ओळखता येत नाही. तेव्हा त्वचा हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं.

मागच्या पावसाळ्यात एक मुलगा आला होता, सव्वीस वर्षांचा. ढोलपथकात वाजवतो. ढोलाचा पट्टा कमरेला, खाली जाडजूड जीन्स, सरावाचे दोन महिने अंगावर घाम. चौदा महिने गजकर्ण. सात प्रकारच्या ट्यूबा त्याने पिशवीतून टेबलावर ओतल्या. त्यातल्या पाचांत क्लोबेटासॉल होतं. लावायच्या स्टेरॉइडमधल्या सगळ्यात जहाल गटातलं हे औषध. बुरशी आम्ही अडीच महिन्यांत काढली. पण जांघेत बोटाएवढे रुंद, जांभळट ताणाचे पट्टे पडले होते, बाळंतिणीच्या पोटावर असतात तसे. ते फिके होतील, जाणार नाहीत. "मॅडम, आता लग्न ठरतंय," एवढंच बोलला आणि खाली बघत बसला. मला उत्तर सुचलं नाही.

पूर्वी पंधरा दिवसांच्या मलमाने जाणारं गजकर्ण आता महिना, दीड महिना, कधी त्याहून जास्त घेतं, हे तुम्हीही अनुभवलं असेल. त्याला या ट्यूबांचा हातभार आहे असं आमच्यातल्या पुष्कळांचं मत आहे, माझंही. आपल्याकडे पसरलेल्या या चिवट बुरशीला 2020 साली वेगळं नाव मिळालं, ट्रायकोफायटॉन इंडोटिनिई. नावातच इंडिया. नेहमीच्या टर्बिनाफिनला ती पुष्कळदा दाद देत नाही, आणि आता कितीतरी देशांतले डॉक्टर तिच्याबद्दल लिहीत आहेत.

कायदा नाही का? आहे. 2018 साली केंद्र सरकारने स्टेरॉइड असलेली 14 मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा यादीत घातली. त्याआधी लावायच्या औषधांना एक पळवाट होती. आज कायद्याने चिठ्ठी लागते. प्रत्यक्षात काय लागतं ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे.

आता घरातलं सांगते. माझी काकू पुढच्या रांगेत बसली आहे. तिनेच सांगितलं, "सांग, लाजायचं काय त्यात." काकूच्या गालांवर वांगाचे डाग होते. दुसऱ्या बाळंतपणात आले ते गेलेच नाहीत. शेजारच्या बाईंनी एक 'गोरं करणारी' ट्यूब दिली. पंधरा दिवसांत चेहरा उजळला. हळदीकुंकवाला चार जणींनी विचारलं, काय लावतेस? त्या ट्यूबमध्ये तीन औषधं होती: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन, म्हणजे पुन्हा स्टेरॉइडच. असं तिहेरी मिश्रण मुळात 1975 साली अमेरिकेत क्लिगमन आणि विलिस यांनी मांडलं. ते औषध आहे, चांगलं औषध आहे, आम्हीही देतो. पण साधारण आठ आठवडे, डोळ्यांदेखत. काकूने सहा वर्षं लावलं. त्या सहा वर्षांतली चार मी त्याच घरात त्वचारोगांची डॉक्टर म्हणून वावरत होते. ट्यूब न्हाणीघरातल्या आरशामागे असायची. हनुवटीवर लव वाढलेली, गालांवर लाल बारीक शिरा, हे मी रोज बघत होते आणि वयाच्या खाती टाकत होते. घरच्या माणसाचा चेहरा आपण बघत नाही, ओळखीचा म्हणून सोडून देतो.

मग देवासला एका लग्नासाठी काकू दहा दिवस गेली आणि ट्यूब इथेच राहिली. चौथ्या दिवशी चेहरा लालबुंद, आग आग, ऊन सहन होईना, पुरळ. सगळे म्हणाले पंगतीतलं काहीतरी बाधलं. मी गाडीतून उतरल्यावर पहिल्यांदा नीट तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, "काकू, काय लावत होतीस?" ती रडायलाच लागली. त्वचेला स्टेरॉइडची सवय झाली होती, आणि सुटल्यावर ती अशी बंड करते. त्यातून बाहेर यायला आठ महिने लागले. साधं मॉइश्चरायझर, ऊन टाळणं, स्टेरॉइड नसलेली औषधं, आणि मधेमधे "एकदाच लावू का गं ती?" याला नाही म्हणणं. डाग थोडे आहेत अजून. शिरा आहेत.

म्हणून घरी गेल्यावर एक करा. घरातल्या सगळ्या ट्यूबा काढा, बारीक अक्षरांसाठी चष्मा लावा, आणि ही नावं शोधा: क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन. सापडलं तर फेकायलाच हवं असं नाही. इसब आणि सोरायसिससाठी हीच औषधं आम्ही विश्वासाने देतो, आणि तिथे भीतीने न लावणारे लोकही त्रास काढतात. पण कोणी दिली, कशासाठी, किती दिवस, यातलं एक जरी आठवत नसेल तर ती दाखवल्याशिवाय लावू नका. आणि वर्षानुवर्षं चेहऱ्यावर लावत असाल तर माझं भाषण ऐकून उद्या झटक्यात बंद करू नका, आधी दाखवा.

गजकर्ण झालं तर घरात सगळ्यांना विचारा. सासूबाई सांगत नाहीत, सून सांगत नाही, टॉवेल मात्र एकच. एकट्याला औषध दिलं तर ते घरात फिरत राहतं. कपडे उन्हात वाळवा, सोवळं-कद ओलसर घडी करून ठेवू नका. मलम कडेच्या बाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावा, आणि दिसेनासं झाल्यावरही सांगितलेले दिवस पुरे करा.

बाकीचं भराभर. टिकलीच्या जागी पांढरा डाग पडत असेल तर तो तिच्या गोंदामुळे असू शकतो. त्यातलं एक रसायन रंगपेशी मारतं. टिकली लगेच बंद करा आणि दाखवा. कोड स्पर्शाने पसरत नाही, हे या सभागृहात अजून सांगावं लागतं याचं वाईट वाटतं. मुलांची मान काळी पडली तर घासू नका, तो मळ नसतो. वजन आणि साखर बघा. डेंगू, टायफॉइड किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी मुठीने केस जातात, ते बहुधा सहा महिन्यांत परत येतात. घाबरून महागडं काही घेऊ नका. अनुवंशिक टकलावर मिनॉक्सिडिल चालतं, पण चार-सहा महिने धीर हवा आणि सुरुवातीला केस थोडे जास्तच गळतात. तेलाने केस मऊ होतात, उगवत नाहीत. माझ्या आजीला हे मी शेवटपर्यंत पटवू शकले नाही.

आणि लेझर. नको असलेल्या केसांसाठी उत्तम, मुरमांच्या खड्ड्यांसाठी बऱ्यापैकी. वांगासाठी मात्र सावध राहा. आपल्या रंगाच्या त्वचेवर चुकीचं लेझर डाग उलट गडद करतं. वांगाला रोजचं सनस्क्रीन, दोन बोटं भरून, चेहरा आणि मानेला. घरात बसूनही, खिडकीशेजारी असाल तर.

आरतीची वेळ झाली, सचिव घड्याळ दाखवत आहेत. आरतीनंतर मी प्रसादाच्या टेबलाच्या डाव्या बाजूला अर्धा तास बसणार आहे. अंगावरचं इथे दाखवू नका, त्यासाठी दवाखाना आहे. ज्यांच्या पर्समध्ये आत्ता एखादी ट्यूब आहे, आणि मला माहीत आहे की आहे, त्यांनी ती घेऊन या. आपण दोघी मिळून वाचू. काकूही माझ्या शेजारी बसणार आहे.